पाठीवरची माळ

पुण्याला समुद्र नाही ही उणीव माझ्या बायकोच्या मावशींनी गेली चाळीस वर्षं एकटीच्या जिवावर भरून काढली आहे. कोथरूडच्या त्यांच्या दोन खोल्यांत शिरताना चपला दाराबाहेर काढाव्या लागतात, पण त्या स्वच्छतेसाठी नव्हे, शिंपले चिरडू नयेत म्हणून. डाळीच्या डब्यात कवड्या असतात. इडलीपात्राच्या खळग्यांत शंखाचे मणी आकारानुसार लावलेले असतात. मग इडल्यांचं काय, असं मी एकदा विचारलं, तर "त्या हॉटेलात मिळतात," एवढंच उत्तर आलं. मावशी पक्क्या शाकाहारी. मासळीच्या नुसत्या वासानं त्यांना मळमळतं, पोहता तर मुळीच येत नाही. मग समुद्रावर एवढा अधिकार कसा, असं कुणी विचारलंच, तर त्या चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, "डोळ्यांच्या डॉक्टरला आधी आंधळं व्हावं लागतं का हो?"

त्यांचा विषय कंकणद्वीपांचा. म्हणजे पूर्वेकडे फार दूर, भर समुद्रात प्रवाळांनी बांधलेली, बांगडीसारखी वाटोळी, मधे उथळ निळं पाणी असलेली बेटं. तिथे धड दगड नाही, धातूचं तर नाव नको, म्हणून फार पूर्वीची माणसं लाकूड तासायचे वाकसही शिंपल्यांचेच घडवायची, शिंपल्यांचेच गळ आणि शंखशिंपल्यांचेच दागिने. माणूस गेलं की दागिन्यांसकट पांढऱ्या वाळूत पुरायची. त्या वाळूत हाडं छान टिकतात, असं मावशी लोणच्याबद्दल बोलावं तशा सहज सांगतात. कुठल्या हाडापाशी कुठला मणी सापडला, यावरून ते माणूस काय, कुठे, कसं ल्यायचं हे ओळखायचं, यात त्यांचा जन्म गेला. त्यामुळे त्यांना लग्नाला नेणं धोक्याचं असतं. सदाशिव पेठेतल्या एका कार्यालयात त्यांनी नव्या नवरीचं मंगळसूत्र बोटांनी चाचपत "झोपल्यावर हे कुठल्या बाजूला सरकतं गं?" असं विचारलं होतं. नवरीच्या आईला अजून ठसका लागलेला आहे. मणी कसे घडवत असतील हे कळावं म्हणून त्या भर दुपारी गॅलरीत बसून शिंपले दगडावर घासतात. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर येऊन "अहो, दुपारचे दोन वाजलेत!" म्हणाले, तेव्हा मावशी म्हणाल्या, "हो ना, उजेड चांगला असतो."

या सगळ्या उद्योगाच्या मुळाशी एक मूल आहे. पाचसहा वर्षांचं. मावशींच्या सरांनी तरुणपणी एका बेटावर ते वाळूतून हलक्या हातानं उघडं केलं होतं. हाडं बेटावरच जपून ठेवली गेली, मणी आणि ते कसे पडले होते याचं एक चित्र अभ्यासासाठी पुण्याला, मावशींच्या संस्थेत आलं. मावशींचंही तिकडे जाणं ठरलं होतं, ते राहिलं ते राहिलंच. त्या मुलाच्या माळेचा दोरा केव्हाच कुजलेला, पण मणी ओळीनं पडले होते, आणि तेही छातीवर नाहीत, पाठीच्या कण्याखाली. हा अंत्यविधी आहे, मेलेल्याला माळ उलटी घालण्याची त्या लोकांत रीत होती, असं मावशींनी लिहिलं आणि त्यावर त्यांचं नाव झालं. एका परिसंवादात त्यावर शंका काढणाऱ्या गृहस्थांशी त्या आजतागायत बोलत नाहीत. ते वारले, ही सबब त्यांना मान्य नाही.

मागच्या वर्षी बेटावरच्या लोकांचं पत्र आलं. त्या मुलाला आम्ही पुन्हा आमच्या वाळूत ठेवणार आहोत, त्याचे मणी परत द्या, आणि माळ कशी घालायची तेही लिहून कळवा. मणी द्यायलाच हवेत, यावर मावशींनी एका शब्दानं वाद घातला नाही. पण "कसं घालायचं" यानं त्यांची झोप उडाली. लेख लिहिणं निराळं आणि खरोखरच्या मुलाच्या गळ्यात घालायला सांगणं निराळं. त्यांनी हुबेहूब माळ तयार केली आणि सोसायटीच्या बागेत ती कुठे सरकते ते बघायला मुलांना ती घालून घसरगुंडीखालच्या वाळूत निजवायला सुरुवात केली. दुसऱ्याच दिवशी पालकांची तक्रार आली, की बाई आमच्या पोरांना मेल्यासारखं पडायला लावतात. शेवटी हक्काची म्हणून माझी सहा वर्षांची मुलगी उरली.

तिनं माळ घालून घेतली आणि निजायच्या आधी बेसनाचा लाडू मागितला. ताटलीवर वाकताना तिनं माळ पुढून धरली आणि झटकन पाठीवर टाकली.

"अगं, पुढे घे ना ती," मावशी म्हणाल्या.

"नको. वाकलं की लोंबते. खाण्यात जाते."

"मग काढून ठेवावी."

"का? माझी आहे."

"आणि झोपताना?"

"तश्शीच!" असं म्हणून तिनं लाडू तोंडात कोंबला आणि भरल्या तोंडानं विचारलं, "त्या मुलाची पण लोंबायची का?"

त्यानंतर दोन दिवस मावशींनी फोनही उचलला नाही, आणि आम्ही खरोखर घाबरलो. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांचाच फोन आला. "जावईबापू, स्कूटर काढा."

त्यांच्या जुन्या संस्थेत टेबलावर कापूस पसरून त्यांनी खरे मणी चित्राबरहुकूम एकेक करून नव्या दोऱ्यात ओवले. मग कागद घेऊन लिहिलं, "माळ पाठीवर घालावी. हा अंत्यविधी आहे असं मी आजवर लिहीत आले, त्याला आधार नाही. ते मूल रोज तशीच घालत असावं, आणि निजवताना घरच्यांनी ती तशीच राहू दिली असावी."

"पण मावशी, हे तरी कुठे सिद्ध झालंय?" मी म्हटलं.

"नाही झालं. म्हणून 'असावं' लिहिलंय. वाचता येतं ना?"

माळ आणि कागद पेटीत घालून, ती बेटावर पाठवायला संस्थेतल्या माणसांच्या हवाली करून आम्ही संध्याकाळी निघालो. चाळीस वर्षांचं नाव त्यांनी चार ओळींत पुसून टाकलं होतं, आणि मला त्यांचं फार वाईट वाटत होतं. सिग्नलला थांबलो तेव्हा मागून आवाज आला, "चाळीस वर्षं मी तिथे विधी शोधत बसले हो. तिथे त्याची आई होती. ती मला दिसलीच नाही."

सिग्नल सुटला. पुढच्या चौकात त्यांनी विचारलं, "तिकडे आता किती वाजले असतील?"

"रात्र झाली असेल," मी अंदाजानं म्हटलं. "झोपलं असेल सगळं बेट."

"मग हॉर्न वाजवू नका," मावशी म्हणाल्या.