अकरा इंच

काकूंनी एकतीस वर्षं फक्त बाह्या शिवल्या. कोटाच्या कारखान्यात गळे एकीकडे, खिसे दुसरीकडे आणि बाह्या काकूंकडे. अख्खा कोट त्यांच्या हातून कधी झालाच नाही. ‘माझ्या वाट्याला माणसं खांद्यापासून मनगटापर्यंतच आली,’ असं त्या हसून म्हणायच्या.

कारखाना बंद झाला तेव्हा गल्लीच्या टोकाला कार्यशाळा चालवणारी इंजिनिअर मुलगी त्यांना शोधत आली. ज्यांना हात उचलता येत नाही अशांसाठी ती जाकीट बनवत होती. पाठीवर काडेपेटीएवढी मोटर, तिथून दंडापर्यंत बारीक दोरी. बटण दाबलं की दोरी ओढली जाणार आणि हात वर येणार. पण व्हायचं काय, नुसती बाहीच वर सरकायची. हात जागच्या जागी.

“मोटर मोठी लावून बघू का, काकू?”

“दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला,” काकू म्हणाल्या. “मोटरचं काही चुकलेलं नाही. कापड ताणलं जातंय. तुझा सगळा जोर त्यातच मुरतोय.”

पण ताणलं जाणार नाही असं कापड घातलं, तर ते दंडाला काचायचं. आठवडाभर दोघी तिथेच अडून राहिल्या.

एका दुपारी घरी काकूंचा डोळा लागला. पडद्यातून मऊ उजेड येत होता. स्वप्नात रिकाम्या बाह्या पाण्यावरून वाहत चालल्या होत्या. पाणी आत शिरलं की एकेकीला हाताचा आकार यायचा. एक बाही वळली, तिच्यावरची तिरपी शिवणही वळली, पण ताणली मात्र गेली नाही.

जाग आली तेव्हा समोरच्या खुर्चीत काका बनियनवर झोपले होते. काकूंनी शिंप्याचा खडू घेतला आणि त्यांच्या खांद्यावर, दंडावर रेघा ओढल्या. मग हात हलकेच वर उचलला. उभ्या रेघा लांबल्या, आडव्या आखडल्या. पाठीकडून निघून दंडाला वळसा घालणारी एक तिरपी रेघ मात्र हात खाली असताना अकरा इंच आणि वर नेल्यावरही अकराच इंच.

“माझं माप घेतेस?” काकांनी डोळे न उघडताच विचारलं.

“अहो, हलू नका. आणि उद्यापर्यंत हे पुसू नका.”

काका संध्याकाळी तसेच, अंगावर रेघा घेऊन, वर सदरा चढवून फिरायला गेले.

त्या रेघेवर काकूंनी न ताणणारी पट्टी शिवली, दोरी तिच्यातून नेली आणि बाकीची बाही सैल, मऊ ठेवली. जाकीट पहिल्यांदा घातलं ते चित्रकलेच्या निवृत्त बाईंनी. अर्धांगाच्या झटक्यापासून त्यांचा उजवा हात मांडीवर पडून असायचा. मुलीने समोर कप ठेवला. बाईंनी डाव्या हाताने बटण दाबलं. उजवा हात कपाच्या उंचीवर आला आणि थांबला. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी मात्र कपाकडे पाहिलंही नाही.

“काय झालं, बाई? दुखतंय का?” काकूंनी विचारलं.

“नाही हो. पण चहा मी डाव्या हाताने पितेच की. मला कपाळावरचे केस मागे सारायचेत. दर वेळी सुनेला सांगावं लागतं. ती करते बिचारी, पण ते मनासारखं होत नाही.”

मुलीने वहीतलं पान उलटलं. कप तिनेच ठरवला होता. बाईंना कोणी विचारलंच नव्हतं. कपाळ म्हणजे हात आणखी वर, शिवाय आत वळलेला. पुढे सात बाह्या झाल्या, सहा उसवल्या. सातवीने हात सावकाश, पाण्यातून निघाल्यासारखा वर आला. बोटांची पाठ केसांना लागली. केस मागे गेले. दुसऱ्या खेपेला हात कानापाशीच अडला.

“असू दे,” बाई म्हणाल्या. “रोज थोडं थोडं. फक्त हा राखाडी रंग बदला.”

म्हणून काकू त्यांना कापडाच्या दुकानात घेऊन गेल्या. दुकानदाराने हळदी रंगाचा तागा पुढे धरला. बाईंनी बटण दाबलं. मोटर गुणगुणू लागली. दुकानदार तागा धरून उभा राहिला, आणि बाईंचा उजवा हात अगदी निवांतपणे त्या रंगाकडे निघाला.