बिनदाराच्या घरात बंद खोलीतला खून

एकोणीसशे एकाहत्तरच्या दिवाळीच्या सुट्टीत मी शनिशिंगणापूरला निघालो. नगरमधल्या सावेडीच्या घराला कुलूप लावले, ते तीनदा ओढून पाहिले आणि किल्ली खिशात टाकून एस.टी.त बसलो. सोबतीला वाचनालयातून आणलेली खुनाची कादंबरी होती. अशा कादंबरीत पोलीस हात टेकतात आणि एखादा साधा माणूस नुसत्या निरीक्षणाने गुन्हेगार शोधतो. म्हणूनच आम्हा शिक्षकांना ती विशेष प्रिय असते.

घोडेगावला उतरून पुढे बैलगाडीने गेलो. माझ्या सहशिक्षकाचे थोरले बंधू किसनराव यांच्याकडे मुक्काम होता. गावाच्या रीतीप्रमाणे त्यांच्या घराला चौकट होती, दार नव्हते. चौकटीत एक फळी तेवढी तिरपी उभी होती. पाठ टेकायला बरी, म्हणून ती मी बाजेवर घेतली.

किसनरावांच्या पत्नी सोनाबाईंनी भाकरी आणि शेंगदाण्याची तेलकट चटणी वाढली. जेवता जेवता मी दोघांना कादंबरी वाचून दाखवू लागलो. (जेवताना वाचू नये, असे मी वर्गात नेहमी सांगतो.) सावकाराचा खून झालेला, खोलीला आतून कडी, तपास करणारे एक पोस्टमास्तर.

"आतून कडी?" किसनराव म्हणाले. "आन् दार कशापायी बसवलं हुतं?"

"चोर येऊ नये म्हणून."

"चोर न्हाई आला, पन खुनी आला की!" सोनाबाई हसल्या. "दार नसतं तर जाता-येता कुनाला तरी दिसलं असतं."

शेवटचे प्रकरण उरले, तेव्हा दर्शनाची वेळ झाली. येथे पुरुष स्नान करून ओलेत्यानेच देवापुढे जातात. म्हणून मी किल्ली कोनाड्यात (भिंतीतल्या खणात) ठेवली, पुस्तक बाजेवर ठेवले आणि किसनरावांबरोबर निघालो. सोनाबाई पाण्याला गेल्या.

परतलो तर पुस्तक गायब!

"चोरी झाली!" माझ्या तोंडून निघून गेले.

किसनराव मटकन खाली बसले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "गुरुजी, आजवर ह्या घरातनं सुई हालली न्हाई. उद्या गाव म्हनंल, किसनच्या घरात चोरी झाली. पुस्तक घावंस्तवर मी पानी पिनार न्हाई."

मी वरमलो, पण पोस्टमास्तर अंगात संचारले होते. वही काढली, रकाने आखले आणि ताकाचा तांब्या परत द्यायला आलेल्या शेजारीणबाईंची उलटतपासणी सुरू केली.

"माजं नाव लिवताय व्हय?" त्या कडाडल्या. "मला वाचता येत असतं तर गोष्ट येगळी!"

एवढ्यात सोनाबाई घागर घेऊन आल्या. त्यांनी एकवार घरभर नजर फिरवली.

"गुरुजी, चौकटीतली फळी कुनी काढली?"

"मी. टेकायला."

"ती कुत्र्यासाठी असती! मानसाला आमी अडवत न्हाई, कुत्र्याला अडवतो. आन् तुमी चटनीच्या हातानं पानं उलटत हुता."

त्या थेट शेजारच्या कडब्याच्या (ज्वारीच्या वाळलेल्या ताटांच्या) गंजीमागे गेल्या. तेथे पिवळ्या कुत्र्याच्या पायांत कादंबरी सापडली. शेवटचे प्रकरण त्याने फस्त केले होते.

"घ्या," शेजारीणबाई म्हणाल्या, "आता खुनी कोन, ते ह्यालाच इचारा!"

किसनरावांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि ते तांब्याभर पाणी घटाघटा प्यायले. मी वहीतला कागद फाडला आणि फळी स्वतःच्या हाताने जागेवर लावली. मोठमोठ्या पुराव्यांमागे धावणाऱ्याला जे दिसत नाही, ते घरातली वस्तू जागेवरून हललेली ओळखणाऱ्याला दिसते. खुनाच्या कादंबरीचे हे मर्म मला पुस्तकाच्या बाहेर समजले.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या एस.टी.ने नगरला पोहोचलो. सावेडीच्या दारासमोर उभा राहून खिसे चाचपले. किल्ली किसनरावांच्या कोनाड्यात राहिली होती. शेजाऱ्यांनी हळहळून विचारले, "चोरीला तर नाही ना गेली?"

माझ्याच घराच्या पायरीवर बसत मी सांगितले, "नाही. ती तेथे अगदी सुरक्षित आहे."