गिझरचं झाकण

आज इस्त्रीच्या वायरचा जळका वास आला आणि तिरोड्याच्या घरातली ती हिवाळी सकाळ आठवली.

गिझरचा लाल दिवा चालू होता, पण पाणी गारच येत होतं. बाबा ओल्या पायांनी स्टुलावर चढले आणि झाकणाचा स्क्रू खोलू लागले. मी दारातून बघत होते; त्यांच्यापुढे कधी आवाज चढवला नव्हता. शेवटी मी ओरडलेच, "बाबा, हात नका लावू! उतरा!"

"काऊन ओरडून राहिली?" म्हणत ते उतरले. मी धावत जाऊन मेन स्विच बंद केला.

दुपारी मिस्त्रीनं मेन चालू करून टेस्टर लावला. गिझरच्या पत्र्यात करंट उतरला होता.

तेव्हा वाटलं होतं, मी वेळेत ओरडले. आता आठवतं ते ओरडण्याआधी भिडेपोटी दारात गप्प उभं राहणं.