हुकूम नाही, सवाल नाही

किस्से काही आम्ही जमवत नाही हो. आईबापांना लेकरांशी खेळायला शिकवायचं काम घेतलं की ते आपोआप चिकटतात! जालन्यातल्या आमच्या केंद्रात नियम एकच: लेकरू खेळतंय तोवर त्याला हुकूम नाही, सवाल नाही, टोमणा नाही. ते काय करतंय तेवढंच बोलायचं आणि चांगलं केलं की शाबासकी द्यायची. मोठ्या मॅडमचा डोळा मात्र आम्हा शिकवणाऱ्यांवरच! "पद्धत म्हणजे पद्धत. तुमचा मसाला नको!"

*

आमच्या गित्ते सरांना मसाल्याशिवाय चैन पडायचं नाही. एका जोडप्याला सगळं नीट शिकवून जाता जाता म्हणाले, "अधूनमधून एखादा धपाटा चालतो."

पुढच्या खेपेला लेकरू आणखीच बिथरलेलं. बाप मात्र खुशीत! "सर, धपाटा बराबर जमला. बाकीचं तेवढं विसरलो!"

मॅडमनी सरांनाच परत पहिल्यापासून शिकायला बसवलं.

*

मंग आला बदनापूरचा बाळू. पहिलीतला. पोरांना चावतो म्हणून शाळेनं घरी बसवलेला. दिवाळीपर्यंत सुधारला नाही तर मामा त्याला आपल्या गावी, अंतरवालीला नेणार, धाकात ठेवायला. आई रडकुंडीला आल्ती.

बाप रामदास एमआयडीसीत सळईच्या मिलमध्ये. केंद्रात लेकराशी खेळायला बसल्यावर त्याचं पहिलंच वाक्य, "बाळू गाडी चालवून राह्यला!" एवढ्या जोरात, की बाळू टेबलाखाली!

मॅडम म्हणाल्या, "शब्द बराबर. आवाज तेवढा मिलमध्ये ठेवून येत जा."

*

बाळूच्या आईचा वेगळाच वांधा. "मॅडम, न विचारता भाकर तरी कशी वाढू?"

"वाढून टाका!"

पुढच्या वेळी हसतच आली. "न विचारता वाढली तं जास्तीची खाल्ली की वो!"

*

दिवाळीच्या तोंडावर मॅडम आणि मी त्यांच्या घरी गेलो, तर मामा हजर! त्यानं आणलेल्या पिशवीत बाळूचे कपडेही भरलेले. चावणं पुष्कळ कमी झाल्तं, पण मामाला भरवसा नव्हता. "अहो रामदास, अडवा ना!" अगदी ओठावर आल्तं. मॅडमनी माझा हात दाबला.

बाळूनं पिशवी ओढली. मामा ओरडणार, तेवढ्यात रामदास हळूच बोलला, "बाळू पिशवी उघडून राह्यला."

रामदास तसाच पुढं बोलत गेला.

"बाळू शर्ट काढून राह्यला... घडी न मोडता फळीवर ठेवून राह्यला. शाब्बास रे वाघा!"

मंग चड्डी. मंग स्वेटर. रामदासचा आवाज एकदाही चढला नाही; एक हुकूम नाही, एक सवाल नाही.

पिशवी रिकामी झाली. बाळूनं ती उचलली.

"बाळू मामाची पिशवी मामाला देऊन राह्यला."