पाटीआईचा शेंदूर आणि सुनेचा ठसा

पितृपक्षात प्रवास करायचा नाही, हा माझा लग्नापासूनचा नेम. यंदा तो मोडला, आणि तोही एक दगड बघायला.

आमची सून अश्विनी प्राचीन इतिहासात एम.ए. करते. तिला प्रबंधासाठी एक जुना कोरीव लेख हवा होता. तो सापडला देवणीच्या बाजूच्या एका खेड्यात. तिथल्या देवळातल्या देवीवर पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर चढत आला होता. उन्हाळ्यात शेंदराचं ते जाड कवच आपोआप सुटून पडलं. गावानं ते वाजतगाजत नदीत सोडलं आणि बघतात तर आत अक्षरं! अश्विनी माझ्या मुलाबरोबर जाऊन गावाशी बोलून आली. घटस्थापनेला नवा शेंदूर चढवतील, तोवर हात लावणार नाही, असा शब्द बायकांनी दिला. एकदा शेंदूर चढला की पुढचं कवच कधी सुटेल, कुणी सांगावं? हे सगळं मला नंतर कळलं; तेव्हा अश्विनीनं एवढंच सांगितलं होतं, जायचं तर घटस्थापनेच्या आत.

सासऱ्यांची तिथी झाली होती. मुलाला पुन्हा रजा नव्हती. एकटी सून कशी पाठवायची?

"ऐन पितृपक्षात दगड बघायला निघाल्या सासू-सुना," हे म्हणाले. "पितर दारात आले तर काय सांगू?"

"भाकरी टोपल्यात आहे म्हणून सांगा," मी म्हणाले.

अहमदपूरहून सकाळची उदगीरची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळं खासगी जीपकडं मी बघितलंसुद्धा नाही. जाणाऱ्यांनी एवढंच करावं, डाव्या खिडकीला बसू नये, दहा वाजेपर्यंत ऊन तोंडावर येतं. सोयाबीन पिवळं पडायला लागलेलं, मधेमधे तुरीची हिरवी पट्टी. उदगीरला गाडी बदलून देगलूर. तिथं माझी मावसबहीण राहते, म्हणून मुक्कामाचा खर्च नाही. बरोबर ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि लसूण घातलेलं पिठलं होतं. बहिणीनं वरण-भात टाकला, झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी होट्टलला गेलो, तिथलं जुनं देऊळ अश्विनीला आधी बघायचं होतं. देगलूरहून रिक्षा मिळते, भाव आधी ठरवून घ्यावा. आमच्याकडं त्यानं दोनशे मागितले, मी जाऊन-येऊन दीडशेवर आणलं. महादेवाचं देऊळ चालुक्यांच्या काळचं, अश्विनी सांगत होती. मला काळ-बिळ समजत नाही, पण बाहेरच्या भिंतीवरच्या दगडी बायकांच्या कमरपट्ट्याची एकेक घुंगरी मोजता येते, हे मी डोळ्यांनी बघितलं. पिंडीला बेल वाहिला. एक कोरीव लेखाची शिळाही तिनं दाखवली. जुन्या कानडीतली अक्षरं, शेवया गुंडाळून ठेवल्यासारखी. देव आत आणि लेखाचा दगड निराळा. हेच माझ्या डोक्यात बसलं, आणि तिथंच पुढचा घोटाळा झाला.

संध्याकाळी उदगीर, देवणी करत खेड्यात पोचलो. देवीच्या गुरवीण शांताबाई, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या, त्यांच्याकडं उतरलो. अंगणात देवणी गाय बांधलेली, काळे-पांढरे ठिपके, लोंबते कान. जेवताना शांताबाई म्हणाल्या, "आई आमची पाटीआई. पाटीसारखी चपटी हाय ना, म्हणून." मी हात जोडले. लेख कुठं आहे हे मी विचारलं नाही आणि मला माहीत आहे असं समजून अश्विनीनं सांगितलं नाही.

पहाटे उठून अंघोळ केली. अश्विनी झोपली होती, शांताबाई धार काढत होत्या. मी पूजेची पिशवी घेऊन देवळात गेले. आत अंधुक उजेड. छातीइतकी उंच शिळा, वर चंद्र-सूर्य, आणि खाली सगळं उघडं, कोरडं. एवढ्या जुन्या देवीला अंगभर शेंदूर नाही? मी ओटी भरली. पिशवीत तेलाची बाटली आणि शेंदराची पुडी कायम असते. तेलात शेंदूर कालवला आणि वरून खालपर्यंत, हातानं, मनापासून चोपडला. हाताला खरखर लागत होती. वाटलं, दगड जुना आहे.

समाधानानं बाहेर आले तर अश्विनी कागद आणि ब्रश घेऊन येत होती. ती आत गेली. मग हळूच म्हणाली, "मामी," आमच्याकडं सासूला मामी म्हणतात, "मामी, हे कुणी केलं?"

माझे हात लाल होते. सांगायची गरजच पडली नाही.

ती पायरीवर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "परत कधी मिळणार?" एवढंच म्हणाली. मला रडूच आलं.

तोवर बायका गोळा झाल्या. "आवो बाई, आमी चार महिनं बोट लावलं न्हाई, अन्‌ तुमी येऊन एका सकाळी रंगवलं व्हय?" एक म्हणाली. दुसरी हसली, "पावनीनं आमच्या भक्तीवर कडी केली की!" पण काढायचं म्हटल्यावर सगळ्या मागं सरल्या. चढलेला शेंदूर माणसानं काढायचा नसतो. मलाही हेच शिकवलेलं.

शांताबाई म्हणाल्या, "कामून रडून राहिलात? ज्या हातानं लागलाय, त्याच हातानं निघंल. आईफुडं नाक घासा अन्‌ बसा कामाला."

मी नाक घासलं. जन्मात देवाच्या अंगावरचं काही ओरबाडलं नव्हतं. जुन्या सुती लुगड्याचा बोळा घेतला. अश्विनी म्हणाली, घासायचं नाही, फक्त टिपायचं. बाळाचं अंग टिपतात तसं टिपत गेले. दहा वाजेपर्यंत लाल रंग बराच गेला. अक्षरं दिसायला लागली तसा अश्विनीचा चेहरा थोडा सैल झाला.

ठसा घ्यायचा म्हणजे काय, ते मला तिथंच कळलं. दगडावर ओला कागद लावायचा, ब्रशनं ठोकून अक्षरांच्या खाचांत बसवायचा, वाळत आला की वरून शाईचा बोळा दाबायचा. कागद काळा होतो, अक्षरं पांढरी राहतात. तिच्याकडं तीन कागद. पहिला लावला आणि तेलावरून सरळ घसरून खाली आला, ओला लोळागोळा.

"तेल आहे तोवर कागद धरणार नाही," अश्विनी म्हणाली. "आणि साबण चालायचा नाही मामी, दगड खराब होतो."

तेल काढणं हे तर माझं रोजचं काम. शांताबाईंकडं न्हाण्यासाठी रिठे होते. भिजवून फेस केला. अश्विनीनं आधी शिळेच्या मागच्या बाजूला थोडा लावून बघितला, मग मान हलवली. फेस लावायचा, टिपायचा, साध्या पाण्यानं पुसायचं. असं किती वेळा केलं आठवत नाही. बायकांनी विहिरीपासून कळशांची रांग लावली. ज्या सकाळी टोमणे मारत होत्या, त्याच.

दुसरा कागद वरच्या भागाला धरला, खाली सुटला. दुपार कलली. तिसरा मी धरला आणि तिनं ठोकला. पापड लाटताना कडा किती ओढायची हे हाताला कळतं, तसं मला ओला कागद कळत गेला. तिनं शाईचा बोळा दाबला आणि काळ्यातून पांढऱ्या शेवया उमटायला लागल्या. सहा ओळींपैकी चार स्वच्छ. खालच्या दोन ओळींत तेल मुरलं होतं, तिथं नुसता काळा डाग.

अश्विनीनं तिथंच अडखळत वाचलं. देवाच्या अखंड दिव्यासाठी गावच्या तेल्यांनी तेल नेमून दिलं होतं, असं काहीतरी.

"मग आमची आई कोन म्हनायची?" शांताबाईंनी विचारलं.

"आईच आहे की," अश्विनी म्हणाली. "तिच्या अंगावर लिहिलेलं तेवढं आज वाचलं."

"मंग वाच बाई, हाव." त्यांनी ठशाला हळद-कुंकू लावायला हात पुढं केला आणि अश्विनीचा चेहरा बघून तो कागदाच्या पिशवीला लावला.

परतीला देवणी-उदगीर-अहमदपूर, पुन्हा अर्धं तिकीट. दोघींचा तीन दिवसांचा सगळा खर्च आठशेच्या आत आला. त्याचं मला एरवी कौतुक वाटलं असतं.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी तिच्या सरांचा फोन आला. मी ओट्याशी भाकरी थापत होते. ती बाहेरच्या खोलीत बोलत होती. "चार ओळी मिळाल्या सर. खाली तेल मुरलंय. गावात शेंदूर लावतात ना, ऐकत नाहीत."

माझी चूक झाकायला ती असं बोलली, हे कळत होतं. सून गुणी आहे. पण त्या बायकांनी चार महिने बोट लावलं नव्हतं. भाकरी तव्यावर तशीच टाकून, पिठाच्या हातानं मी बाहेर गेले.

"गावाचं नाव घेऊ नको," मी म्हणाले. "त्यांनी शब्द पाळलाय. माझं सांग."

तिनं फोनवर हात ठेवला. "मामी, प्रबंधात लिहावं लागेल मग. लोक हसतील."

"हसू दे. तिथल्या बायका काय कमी हसल्या?"

तिनं फोनवरचा हात काढला. मग फोन कानाला लावला. "सर, मघाशी चुकीचं सांगितलं. गावानं शेंदूर लावला नव्हता. माझ्या सासूबाईंनी लावला. आणि दिवसभर बसून काढला, तोही त्यांनीच."

आत भाकरी करपल्याचा वास आला. ती मी खाल्ली.