दंडाचा पट्टा

डॉक्टर म्हणाले, "महिनाभर घरी प्रेशर मोजा. खाली आलं तर ठीक, नाहीतर बाजार बंद." माझा बाजार म्हणजे तलासरीचा आठवडी बाजार. आमच्या धाकटी डहाणू गावाहून सुके बोंबील आणि जवळा घेऊन निघायचं, चारोटीला गाडी बदलायची आणि माझ्या जागेवर गोणपाट अंथरायचं. त्या जागेला कागदपत्र नाही. जो बसतो त्याची ती. दोन-तीन बाजार चुकले की दुसरी कुणी पाय पसरते, मग भांडत बसा.

मुलाने मशीन आणलं. तो सकाळी वापीला कंपनीत जातो, म्हणून मोजायचं काम सुनेकडे. सून झाई गावची, बोलायला गोड. मला "आई, हात सैल सोडा" म्हणायची, पट्टा बांधायची, आणि मशीनचं तोंड स्वतःकडे फिरवायची. का? आकडे मलाही वाचता येतात! आयुष्यभर गिऱ्हाइकाशी हिशेब केलाय.

"वरचं एकशे चौसष्ट, आई."

रोज असंच, कधी दोनाने कमी, कधी चाराने जास्त. आणि एक दिवस भाकऱ्या थापता थापता अगदी सहज विचारते, "आई, बाजारात आपली जागा नेमकी कुठे हो? वडाच्या बाजूला का?" म्हटलं, इथे पाणी मुरतंय. मी घरी बसले की गोणपाट कोण अंथरणार, हे काय मला कळत नाही? पट्टाही मुद्दाम आवळून बांधते मेली.

पुढच्या बाजारी मी मशीन टोपलीत जवळ्याच्या पिशवीखाली घातलं आणि निघाले. माझ्या शेजारी डोंगराकडची एक बाई नागली विकायला बसते. दुपारी गर्दी ओसरल्यावर तिला म्हटलं, "बाय, हे जरा बांध गं." ती घाबरली, तिला वाटलं शॉक बसेल. बांधलं कसंबसं. मशीन घुर्र घुर्र करून थांबलं. एकशे अठ्ठावीस! मी एवढ्या मोठ्याने हसले की समोरचा मिरचीवाला वळून बघायला लागला. पकडली म्हटलं सुनेला!

घरी आल्यावर मशीन गुपचूप जागेवर ठेवलं.

सकाळी सुनेने पट्टा उलगडला, तर त्याच्या चिकटपट्टीत जवळ्याचे दोन-तीन कण अडकलेले. तिने ते नखाने काढले, माझ्याकडे पाहिलं, आणि पट्टा बांधला. एकशे सहासष्ट.

मग माझा तोल गेला. "बाजारात एकशे अठ्ठावीस होतं! नागलीवालीने बांधलं होतं, विचार जाऊन! मला घरी बसवून जागा हवीय ना तुला? माझ्या जिवंतपणी नाही मिळणार!"

तिचा चेहरा उतरला. पट्टा सोडून माझ्या हातात दिला. म्हणाली, "तुम्हीच बांधा," आणि मागच्या ओट्यावर बोंबील उलटायला निघून गेली.

मी धुसफुसतच पाणी प्यायले, थोडा वेळ टेकले. मग स्वतः पट्टा बांधला. एकशे तीस. तिला हाक मारून आणलं आणि मशीन तिच्या नाकासमोर धरलं. "बघ! आता काय म्हणणं आहे?"

तिने आकडा वाचला. मग हळूच म्हणाली, "म्हणजे आई, माझा हात लागला की वाढतं तुमचं."

मला वाटलं होतं ती भांडेल, मशीनला दोष देईल, निदान रडेल तरी. मी पट्टा गुंडाळून मशीनवर ठेवला.

डॉक्टरांकडे तीच माझ्याबरोबर आली. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "यांना बाजारात जाऊ द्या डॉक्टर, तिथे यांचं बरं असतं." डॉक्टरांनी गोळी चालू ठेवली, ओझं कमी उचला म्हणाले आणि बाजाराला परवानगी दिली. जागा माझीच राहिली.

आता पट्टा मीच बांधते. आकडाही चांगला येतो. सून त्या वेळी मागच्या ओट्यावर काहीतरी काम काढते. पूर्वी रोज मोजून झाल्यावर विचारायची, "आई, चक्कर नाही ना येत?" आता विचारत नाही. राग येतो मला. एवढं विचारायला हिचं काय जातं? मशीन बंद करते आणि उगाच थोडा वेळ तशीच बसून राहते, ती आत येते का बघत.