सासऱ्याच्या आसऱ्याला आलेला ड्यूक

मी चौथीपर्यंत शिकलो, पुढं जन्मभर गवंडीकाम केलं. लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला इंग्लंडात बेसिंगस्टोकला आलो, पण तिच्या घरी मुक्काम करणार नाही, हे विमानात बसायच्या आधीच सांगून टाकलं होतं. आमच्यात बाप लेकीच्या घरी राहत नाही. तिची आई असती तर लेकच माहेरी आली असती. दोन रस्ते सोडून मी एक खोली घेतली. लेक रोज म्हणायची, "आबा, घरी चला ना." मी नाही म्हणायचो.

एका रविवारी लेक-जावयांनी मला लंडनच्या म्युझियमला नेलं. तिथं एका जर्मन ड्यूकची समाधी. वर त्याची मूर्ती, बायकोशेजारी निजलेली, एका हातात तलवार, दुसऱ्या हातात एवढंसं आख्खं चर्च. बाळ धरावं तसं. मी बूट काढले.

"आबा, देऊळ नाही हे," जावई हसले.

"आणि दगडही नाही," मी म्हणालो.

खरंच प्लास्टरची नक्कल निघाली, मूळ समाधी जर्मनीत. पण अंगरख्याच्या चुण्या वारा आला तर हलतील अशा. आठशे वर्षांपूर्वीचा तो पाथरवट कोण असेल? मला तर हात दाखवायची लाज वाटली.

लेक बाकावर बसून फोनवर वाचायला लागली. जर्मनीच्या बादशहानं लढाईला मदत मागितली, हा गेला नाही. बादशहानं त्याचा मुलूख काढून घेतला, देशाबाहेर घालवलं.

"माझ्यासारखाच हट्टी," मी म्हणालो.

"मग बायकोला घेऊन इथं आला. सासरा इंग्लंडचा राजा."

"म्हणजे घरजावई?"

"तसंच. तीनेक वर्षं राहिला. एक मुलगा आपल्याजवळच्या विंचेस्टरला झाला."

मी त्या ड्यूकच्या तोंडाकडं बघतच राहिलो. बादशहापुढं न वाकलेला माणूस सासऱ्याच्या घरी जेवला, आणि मान तशीच ताठ. त्याच्या बायकोला बाळंतपणाला बापाचं घर मिळालं. माझी लेक सातव्या महिन्यात रोज दोन रस्ते चालून मला बोलवायला येत होती.

परतीच्या ट्रेनमध्ये मी जावयांना म्हणालो, "जावईबापू, माझी बॅग उद्या तुमच्या घरी आणू या."

लेक खिडकीकडं तोंड करून बसली.

"पण भाजी मीच आणणार," मी म्हणालो. "त्यात बोलायचं नाही."